दादा, कळ कुठवर उतरते ते बघ

प्रिय दादा,

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा एमआरआय रिपोर्ट नीट वाचला. एल-५ एस-१ ला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या जोडावर, मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून डाव्या नसेवर दाब आलाय. एवढ्या लहान वयात हे कसं, असं बाबा सारखं विचारतात. बाबा, हा त्रास तिशी-चाळिशीतच जास्त दिसतो. या वयात गादीचा गाभा अजून पाणीदार असतो, म्हणूनच तो बाहेर येतो. बाहेर आलेला तुकडा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि मोठा तुकडा पुष्कळदा लवकर विरतो. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरीच उतरते. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम आधी पडला खरा, पण वर्षाअखेरी ते आणि आधी वाट बघणारे, अशा दोन्ही गटांतले साधारण ९५ टक्के लोक बरे झाले होते.

आता तू करायचं ते. पालथा झोप, दोन-तीन मिनिटं तसाच पडून राहा. मग कोपरांवर टेक. ते जमलं तर तळहात टेकून छाती वर उचल. कंबर मात्र ढिली, अंथरुणालाच टेकलेली हवी. असं दहादा कर आणि दर वेळी कळ कुठवर जाते ते बघ. पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. आई, तो कंबर दुखते म्हणाला की लगेच व्यायाम बंद करायला लावू नकोस. पण दादा, कळ खाली पावलाकडे जायला लागली तर तिथेच थांब आणि मला फोन कर. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टला ही गोष्ट १९५६ मध्ये योगायोगाने दिसली: डोक्याकडून उंच केलेल्या टेबलावर एक पेशंट पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली कळ गेली.

दिवसभर झोपून राहू नकोस. फार तर एक-दोन दिवस, मग थोडं थोडं चालायचंच. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकणं टाळ. कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर राहू नकोस. माझ्याकडे येणारी तरुण मुलं कळ गेल्यावरही बुटाची नाडी बांधायला घाबरतात. ती भीती तुझ्यात मुरू नये, एवढीच मला काळजी आहे.

वहिनी, हे तुमच्यासाठी. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर पडली, दोन्ही पायांत कळ गेली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच घटकेला हॉस्पिटलात न्या. तिथे ऑपरेशनला उशीर नको. एरवीही एवढं करून कळ तशीच राहिली तर सर्जनशी बोलूच, त्यात कमीपणा काही नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर चवड्यांवर आणि टाचांवर चालून दाखव. पायातला जोर मला बघायचाय.

तुझी,
ताई