तालुक्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरला वाली कोण?

मा. संपादक,

डोळ्यांच्या डॉक्टरांची कॉन्फरन्स म्हटलं की आपल्याकडं लोकांना बॅग, जेवण आणि सत्कारच दिसतो. राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाईकांच्या तोंडून हे रोज ऐकतो, पण मला काय ते पूर्ण पटत नाही. ऑल इंडिया ऑफ्थाल्मोलॉजिकल सोसायटी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना १९३० पासून आहे, १९५३ पासून स्वतःचं जर्नल काढते. २०२१ ला कोरोनाच्या पेशंटना ब्लॅक फंगस (डोळ्यापर्यंत पसरणारी बुरशी) व्हायला लागला तेव्हा देशभरातल्या डॉक्टरांनी आपापले पेशंट एकत्र मांडले, २८२६ पेशंटची माहिती त्याच वर्षी या जर्नलमध्ये छापून आली. एकट्या डॉक्टरला हे कुठलं जमणार, त्याच्याकडं तीन-चार केसेस येणार आणि तो चाचपडत बसणार.

माझी तक्रार वेगळीच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना कधीतरी भिंगामागचं पातळ आवरण फाटतं आणि न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा, डोळ्यात आत मागं पडतो, चांगल्या हाताच्या डॉक्टरकडून पण होतं हे. तो काढायला रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, सर्जन लागतो. चंदगड-आजऱ्याकडचा एकटा डॉक्टर अशा वेळी कुणाला फोन लावणार? कॉलेजातल्या मित्राला! त्यानं उचलला तर ठीक, नाहीतर पेशंटला गाडीत घालून कोल्हापूर गाठायचं, आणि खाली नातेवाईक मोबाईल काढून उभेच. डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्धचा कायदा राज्यात २०१० पासून आहे, पण पोलीस येईपर्यंत काच फुटलेली असते. त्या घटकेला संघटनेतला एखादा जुनाजाणता डॉक्टर नातेवाईकांशी नुसता फोनवर नीट बोलला तरी निम्मा राग उतरतो.

दुसरं म्हणजे मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत कॉन्फरन्स-वर्कशॉपला हजर राहून मिळवलेले ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, त्यासाठी एकट्यानं ओपीडी चालवणाऱ्यानं दवाखान्याला कुलूप लावून पुण्या-मुंबईला जायचं का? गडहिंग्लजला रविवारी वेट लॅब, म्हणजे ऑपरेशनच्या सरावाचं वर्कशॉप, घ्या की. बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवतात ना तिथं, मग मटणाच्या गावाजवळ बकऱ्याच्या डोळ्यांना काय तोटा!

जिल्ह्यातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनं आधी एवढंच करावं, कुठल्या दिवशी कुठला रेटिना सर्जन फोनवर असेल त्याची यादी दर महिन्याला काढावी आणि ती प्रत्येक तालुक्यातल्या ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लावायला द्यावी. कॉन्फरन्सच्या बॅगा एक वर्ष नाही वाटल्या तरी चालतील.

– एक चष्मेवाला, राजारामपुरी, कोल्हापूर