ब्रेक न लागणाऱ्या चेनसॉबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती वापरासाठी विकलेल्या पेट्रोल चेनसॉचा (यांत्रिक साखळी करवतीचा) चेन ब्रेक निकामी असणे

महोदय,

जूनच्या वादळात सहकारनगरमधल्या आमच्या घराच्या आवारातला गुलमोहर अर्धा कोसळला. पडलेल्या फांद्या तोडायला मी तुमच्या कंपनीचा 18 इंची बारचा, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचा, चेनसॉ घेतला. त्याआधी कधी चेनसॉ हातात धरला नव्हता, म्हणून दुकानात एकच गोष्ट दोनदा विचारली : चेन ब्रेक, म्हणजे फिरती साखळी झटकन थांबवणारा ब्रेक, आहे ना? खोक्यावर तसं छापलेलं होतं. दुकानदाराने ब्रेक लावणारा हँडलपुढचा गार्ड ढकलून ‘टक्’ आवाजही ऐकवला.

तो आवाज फसवा निघाला. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मशीन जमिनीवर ठेवून सुरू केलं, ब्रेक लावला आणि क्षणभर रेस दिली. साखळी जागेवर थांबायला हवी होती, ती सरळ फिरत राहिली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. रेस सोडल्यावरही साखळी हळूहळू सरकत होती. आयडलचा, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाची गती ठरवणारा, स्क्रू फिरवून तेवढं थांबलं, ब्रेक मात्र धरतच नाही.

तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, ‘साहेब, घरी कशाला लागतो ब्रेक? म्हणाल तर काढूनच देतो.’ हे ऐकून मी खरोखर हादरलो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. सावध व्हायलाही वेळ मिळत नाही, तो ब्रेक त्याच क्षणासाठी असतो. रोज लाकूड कापणारा माणूस हाताच्या अंदाजाने एखादवेळी निभावून नेईल. माझ्यासारख्या नवख्याचं काय? माझा मुलगा समोरून फांदी धरून उभा राहणार होता. ब्रेक आधी तपासला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

बार आणि साखळीला वंगण देणारं बार ऑइलही उतरत नाही. टाकी भरलेली असताना टोक वर्तमानपत्रासमोर धरून रेस दिली, कागदावर तेलाचा एक थेंब उडाला नाही. तपासणीसाठी पाच मिनिटं चालवलं, तेवढ्यात बार निळा पडला.

मला दुरुस्ती नको. ब्रेक काढायला निघालेल्या हातात हे मशीन मी पुन्हा देणार नाही. पंधरा दिवसांत माझ्यासमोर ब्रेक तपासून नवीन मशीन द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. याच बॅचची मशीनं आणखी कुणी नेली असतील त्यांना तुम्ही स्वतः फोन करून कळवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

बिल, वॉरंटी कार्ड आणि ब्रेक तपासतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. मशीन खोक्यात बंद आहे. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा सुरू करून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक, सहकारनगर, पुणे