समासातील एका प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय सर,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

थोरले ॲडम क्लेटन पॉवेल या कृष्णवर्णीय अमेरिकन पाळकांच्या जीवनावरील माझा निबंध गेल्या रविवारी मंडळीसमोर वाचून झाला. आपण त्यांच्या चर्चच्या वाढत्या सभासदसंख्येशेजारी समासात पेन्सिलीने ‘ही माणसे आली कोठून?’ असे विचारले नसते, तर मी एका वक्त्याची स्तुती लिहून थांबले असते, म्हणून हे आभार सर्वांसमक्ष मानते.

१९०८ मध्ये पॉवेल न्यूयॉर्कच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाळक झाले आणि १९३७ मध्ये निवृत्त होईपर्यंत सभासद सुमारे १४,००० झाले, याचे सारे श्रेय मी त्यांच्या संदेशांना दिले होते. आपल्या प्रश्नामुळे मला दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे निघालेली लाखो कृष्णवर्णीय माणसे दिसली. आणि १८६५ मध्ये व्हर्जिनियात जन्मून, ओहायोच्या कोळसा खाणीत राबून पुढे आलेले पॉवेल स्वतःही त्याच वाटेने आले होते, हे उमगले. जुन्या सभासदांचा विरोध असूनही चाळिसाव्या रस्त्यावरची वास्तू सोडून हार्लेमला, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जाण्याचा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे का धरला, ते मला तेव्हा कळले. माणसे जिथे राहायला आली, तिथेच १९२३ मध्ये, १३८व्या रस्त्यावर, नवे चर्च उभे राहिले, आणि त्यासाठी सभासदांनी आपल्या कमाईचा दशांश दिला.

ही ॲबिसिनियन मंडळी १८०८ मध्ये गोऱ्यांच्या चर्चमधील वेगळ्या बाकांवर बसण्यास नकार देऊन बाहेर पडलेल्यांनी स्थापन केली, हे आपण फोनवर सांगितलेत, तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही. वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांना कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

महामंदीवरचा भागही आपल्याच सांगण्यावरून वाढवला. पॉवेल यांनी व्यासपीठावरून भुकेल्यांविषयी बोलून न थांबता स्वतःच्या पगारातून रक्कम दिली आणि चर्चने बेकारांसाठी अन्नछत्र चालवले, हे मी वाचले तेव्हा आमच्या महिला मंडळातील भगिनींनी तेवढा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. त्याच सुमारास, १९३०-३१ मध्ये, जर्मनीहून शिकायला आलेले, पुढे हिटलरला विरोध करणारे ईश्वरविज्ञानी डीट्रिख बोनहोफर तिथे उपासनेला येत आणि रविवारच्या शाळेत शिकवत.

सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे. बोनहोफर यांच्यावरचा परिच्छेद मला अजून तोकडा वाटतो. त्यावर आपली पेन्सिल पुन्हा एकदा फिरावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी