फेरी 'मध्यम' म्हणता, मग चढाईही छापा

संपादक महोदय,

सुटीच्या पुरवण्यांत डोंगराळ भागातल्या माउंटन बाइक फेऱ्यांची माहिती येते, तेव्हा तिच्याखाली बहुधा दोनच गोष्टी असतात : अंतर, आणि 'सोपी', 'मध्यम' किंवा 'अवघड' यांपैकी एक शब्द. डोंगरात नुसत्या अंतरावरून काहीच कळत नाही. ३० किलोमीटरची एक फेरी नदीच्या काठाकाठाने जाऊन जेमतेम २५० मीटर चढेल. तेवढ्याच अंतराची दुसरी दोन खिंडी ओलांडून ११०० मीटर चढेल. म्हणून अंतराशेजारी एकूण चढाईचा, म्हणजे वाटेतल्या सगळ्या चढांच्या बेरजेचा, आकडा छापावा, अशी आमची विनंती आहे. २५ ते ३५ किलोमीटर आणि ५०० ते ८०० मीटर चढाई, म्हणजे किलोमीटरमागे वीसेक मीटर, याला आम्ही मध्यम म्हणू.

हा आकडा का हवा, ते साध्या हिशेबाने कळते. स्वार, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून ८५ किलो वजन तासाभरात ४०० मीटर वर न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९३ वॅट लागतात. मऊ मातीत चाके रुतण्यात खर्ची पडतात ते वेगळेच. वेळ काढताना ताशी १२ किलोमीटर धरून अंतराचा वेळ काढावा आणि त्यात दर १०० मीटर चढाईला १० मिनिटे मिळवावीत. ३० किलोमीटर व ७०० मीटरच्या फेरीला अडीच तास अधिक एक तास दहा मिनिटे होतात; थांबे धरून साडेचार तास. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते. म्हणजे दीड लिटरची एक बाटली पुरणार नाही, वाटेत भरण्याची जागा आधीच हेरून ठेवायला हवी.

चढाईचा आकडा अ‍ॅपवरून घेतला तर एक खोट लक्षात ठेवावी. त्यामागची उंचीची माहिती बरेचदा ३० मीटरच्या चौकटींत असते. तीव्र डोंगरउतारावरून आडवा जाणारा रस्ता प्रत्यक्षात सपाट असला, तरी आखलेली रेघ दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे सरकली की अ‍ॅपला दरीचा काठ आणि वरची दरड आलटूनपालटून दिसते, आणि नसलेले चढ बेरजेत येतात. एकाच फेरीचे दोन अ‍ॅपांवर दोन आकडे येतात ते बरेचदा यामुळेच. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) हाताने मोजणे वेळखाऊ आहे, पण त्यातून वाटेचा स्वभाव कळतो. दोन रेषांत उंचीचे २० मीटरचे अंतर असेल आणि वाट एका सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या ५०० मीटरमध्ये, दोन रेषा चढत असेल, तर तो ८ टक्क्यांचा चढ. चार रेषा चढत असेल तर १६ टक्क्यांचा. या पद्धतीत वीस मीटरपेक्षा लहान चढउतार निसटतात, म्हणून खरी चढाई मोजलेल्यापेक्षा थोडी जास्तच धरावी.

एकूण आकड्यात तीव्र टप्पे लपतात. मातीच्या वाटेवर ८ टक्क्यांपर्यंतचा चढ बहुतेकांना बसून चढता येतो, १२ टक्के थोड्या अंतरापुरते. सुट्या खडीवर १५ टक्क्यांच्या पुढे ताकद असूनही सायकल अडते : पुढे झुकावे तर मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरते, मागे बसावे तर पुढचे चाक उचलते. मग ढकलणे आले, आणि ढकलण्याचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या वर क्वचितच जातो. असा किलोमीटरभराचा एकच टप्पा सगळे वेळापत्रक मोडतो.

इथेच फेरीची दिशा महत्त्वाची ठरते, आणि छापील वर्णनांत तिचाच उल्लेख नसतो. डांबरी किंवा मुरमाच्या मंद रस्त्याने चढावे आणि खडकाळ, तीव्र पायवाटेने उतरावे. उलट गेले तर पायवाटेवर सायकल ढकलावी लागते आणि पायांनी कमावलेली उंची डांबरावर दहा मिनिटांत उधळली जाते. अपवाद सुट्या दगडमातीच्या घसाऱ्याचा आणि पायऱ्यापायऱ्यांच्या खडकाचा. तिथे उतरतानाही पायीच जावे लागणार असेल, तर ती वाट फेरीतून वगळलेलीच बरी. मोठा चढ पहिल्या निम्म्या अंतरात यावा. पश्चिमेकडे तोंड असलेला उघडा उतार दुपारी चढायला ठेवू नये.

माती कोणती, हेही सांगावे. मुरमात पाणी निचरते, तिथे पावसानंतर लवकर जाता येते. चिकणमाती टायर आणि फ्रेममधल्या फटीत भरून चाकच अडवते. अशा वाटेवर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. ओला ओढा सकाळी घोटाभर असला, तरी वरच्या अंगाला पाऊस झाला तर दुपारी तसाच राहील असे नाही. फेरीच्या मध्याच्या आसपास एक तरी अशी वाट नकाशावर दाखवावी, जी उरलेला चढ टाळून थेट पक्क्या रस्त्याला लागते. निम्मा वेळ संपला आणि मोठी खिंड अजून पुढेच असेल, तर त्याच वाटेने खाली उतरावे.

बिघाड नेहमीचेच असतात. हवा कमी ठेवून दगडावर आदळले की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. लोक एक बुजवतात आणि दुसरी विसरतात. सव्वादोन इंची टायरला ७० किलोच्या स्वारासाठी हवेचा दाब २५ ते ३० पीएसआय ठीक. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवले तर डिस्क तापते आणि पकड जाते, म्हणून जोराने दाबावे आणि सोडावे. पॅडचा थर एक मिलिमीटरहून कमी असेल तर निघण्याआधीच बदलावा. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा तुकडा, वाकला आहे का ते पुढच्या चढाआधी पाहावे. आत वाकलेला असताना सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या आऱ्यांत शिरू शकतो, आणि हा गिअर नेमका चढावरच लागतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, सोबत्याचा आपल्याला बसेलच असे नाही. तेव्हा आपला एक जास्तीचा जवळ ठेवावा.

शेतातून किंवा वनक्षेत्रातून जाणारी वाट नकाशावर दिसते म्हणून ती सायकलींना खुली असतेच असे नाही. फेरी छापण्याआधी संबंधितांना विचारून, परवानगी लागत असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

आपले,
डोंगरवाटांवरचे काही सायकलस्वार