मुद्रा उलटी, मजकूर त्याहून उलटा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला सासानी मुद्रांवरचा, म्हणजे इस्लामपूर्व इराणातल्या सासानी राजवटीच्या शिक्क्यांवरचा, लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण फोटो उलटा छापलाय!

मुद्रेच्या दगडावर अक्षरं आरशातल्यासारखी कोरतात. ओल्या मातीवर दाबली की ती सुलट उमटतात. त्यांवरची पहलवी, म्हणजे त्या काळची इराणी लिपी, उजवीकडून डावीकडे चालते. तुम्ही छापलाय तो ठसा, तरी अक्षरं डावीकडून उजवीकडे निघालीत. पान लावताना कुणीतरी फोटो फिरवला असणार, बहुधा राजाचं तोंड शेजारच्या जाहिरातीकडे नको म्हणून. खाली ओळ काय, तर ‘अकीकाची मुद्रा’. अकीक कसला, ती शिक्का उमटवलेली मातीची गोळी आहे. कडेला दोरी ओवल्याचं भोक फोटोतही दिसतं.

आता मजकूर. ‘मुद्रांवर अग्निवेदी आहे, अर्थात घरोघर अग्यारी होती’ हा शोध कुठला? सासानी मुद्रांवर वेदीपेक्षा प्राणी जास्त: वशिंडाचा बैल, मेंढा, सिंह. विंचूसुद्धा आहे, आणि झरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या, धर्मात तो अहरिमन या दुष्ट शक्तीच्या गोतावळ्यातला. लेखकाच्या हिशेबानं घरोघर विंचूपूजाही चालत असणार.

धर्म शोधायचा तर चित्राआधी शिक्क्यावर कोरलेला हुद्दा वाचावा. इराणातल्या तख्त-ए-सुलेमानला सापडलेल्या गोळ्यांवर आदुर गुश्नास्प या पवित्र अग्नीच्या अग्निगृहाच्या मोबेदाचा, म्हणजे वरिष्ठ पुरोहिताचा, शिक्का आहे. त्या जागेची ओळख त्यामुळेच पक्की झाली. शिराजजवळ कस्र-ए-अबू नस्रला १९३२ ते ३५ मध्ये उत्खनन झालं. तिथल्या गोळ्यांवर कचेरीचा नुसत्या अक्षरांचा मोठा शिक्का, आणि सोबत खासगी मुद्रांचे लहान, चित्रांचे ठसे. यातल्या कचेऱ्यांत मोगांची, म्हणजे पुरोहितांचीही आहे. सासानी शिक्क्यांवर ‘दुबळ्यांचा कैवारी व न्यायाधीश’ असाही हुद्दा सापडतो. मोबेदांना आणि हिशेबनिसांना हुद्द्याचे शिक्के सासानी राजा कवाधनं दिले, न्यायाधीशांना त्याचा मुलगा खुस्रोनं, अशी नोंद सासानी कायद्याच्या ग्रंथातच आहे. पुरोहित सरकारी दप्तरात बसून शिक्के मारत होते, याबद्दल अख्ख्या पानभर लेखात एक ओळ नाही. वेदीचं रेखाचित्र मात्र तीन कॉलमी.

शीर्षकातला ‘अग्निपूजक’ही काढा. पारशी वाचकांना तो शब्द का खटकतो, हे मुंबईत छापणाऱ्या वर्तमानपत्राला सांगावं लागू नये.

दुरुस्ती छापाल तेव्हा ती आतल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत नको. नवा फोटो शोधायचेही कष्ट नाहीत. तुमच्या संकेतस्थळावर तोच फोटो सुलट आहे.

आपला,
एक वाचक, पुणे