आवाज उतरूही शकतो

‘समुद्रातील गोंगाट वाढतच चालला आहे’ असे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. चिंता रास्त, पण आलेख इतका सरळ नाही. कॅलिफोर्नियाजवळ सॅन निकोलस बेटापाशी १९६४-६६ च्या तुलनेत २००३-०४ मध्ये खालच्या पट्टीतला आवाज १० ते १२ डेसिबलने चढलेला आढळला, हे खरे. मात्र ईशान्य प्रशांत महासागरातील काही केंद्रांवर पुढे तो स्थिरावला, कुठे उतरलाही. सप्टेंबर २००१ मध्ये जहाजांची वर्दळ रोडावताच कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात आवाज ६ डेसिबलने घटला आणि तिथल्या ‘राइट’ जातीच्या देवमाशांमधील ताणाची संप्रेरकेही कमी झाली. प्लास्टिक मागे उरते, आवाज मात्र उगम थांबला की उरत नाही! तरीही जहाजे शांत करण्याबाबतची आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे, २०२३ च्या सुधारणेनंतरही, ऐच्छिकच आहेत. लेखात त्यावर बोट ठेवायला हवे होते.

– एक वाचक