एक जूनची जन्मतारीख

सांगली
रविवार, दुपार

प्रिय मंगल,

तुझा फोन आला तेव्हा मी कोर्टाच्या जिन्यात उभी होते, एका हातात फाईल, दुसऱ्यात अर्धा वडापाव. धड बोलता आलं नाही. तुझ्या मुलाचं, सुमितचं, एका मुलीशी जुळलंय एवढं कळलं. तू मात्र एकच वाक्य तीनदा म्हणालीस, "सुमित दिवाळीनंतर अठराचा होतोय, मग काही प्रश्न नाही ना गं?" त्याचं उत्तर जिन्यात देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज जेवणं उरकून लिहायला बसले.

मंगल, उलट आहे. दिवाळीनंतर काळजी वाढते. कायदा इथे त्या मुलीचं वय बघतो, आणि ती सोळाची. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्यात, अठराच्या आतला प्रत्येक जण 'बालक', मुलगी असो की मुलगा, आणि बालकाच्या संमतीला तिथे किंमत शून्य. आज सुमितही बालकच आहे. तरी उद्या तिच्या वडिलांनी तक्रार दिली तर कागदावर दोघंही बालक, आणि आरोपी मात्र तो. आज तसं झालं तर तो बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथेही मेख आहेच. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळ त्याची पारख करून खटला मोठ्या माणसासारखा चालवायला पाठवू शकतं. वाढदिवसानंतर काही घडलं तर मंडळ वगैरे नाहीच. पोलीस कोठडी, विशेष न्यायालय, आणि शरीरसंबंधाचा आरोप सिद्ध झाला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान दहा वर्षं. मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस.

घाबरलीस ना? थांब. तू म्हणतेस की मेसेज आणि क्लासनंतरची भेळ यापलीकडे काही नाही. मग आज गुन्हाही नाही. प्रेमात पडणं अजून कुठल्या कलमात बसलेलं नाही, हे भावोजींना शांतपणे सांग.

आता एक प्रकरण सांगते. आपल्या वर्गातला एक जून आठवतो? गुरुजी हजेरी वाचायचे आणि निम्म्या वर्गाची जन्मतारीख एकच, एक जून. मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच ठोकून द्यायचे. तेव्हा आपण हसायचो. आता ती तारीख माझ्यासमोर पुरावा म्हणून येते. वय ठरवताना आधी शाळेची किंवा दहावीची नोंद बघतात, ती नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा दाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे गुरुजींचा अंदाज सगळ्यात वरचा.

माझ्याकडे आलेली पोर ऊसतोड घरातली. जन्म फडावरच्या कोपीत, ग्रामपंचायतीत नोंद नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून, आणि त्या हिशेबाने ती घर सोडून गेली तेव्हा सतरा वर्षं दोन महिन्यांची. आई शपथेवर सांगत होती, "थोरलीचं लग्न झालं त्या साली झाली, एकोणीस तरी असंल." मुलगा एकवीसचा, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बापाने पळवून नेल्याची फिर्याद दिली, मग वैद्यकीय तपासणी, मग पॉक्सो. तो चौदा महिने आत. ती आधी बालगृहात, मग मामाकडे. साक्षीच्या दिवशी नऊ महिन्यांचं बाळ घेऊन बाकावर बसली होती. बाळ रडायला लागलं तेव्हा पट्टेवाल्याने खेळायला किल्ल्यांचा जुडगा दिला. पिंजऱ्यात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "मी माझ्या मनानं गेले." सरकारी वकिलांनी लगेच तिला फितूर जाहीर केलं. हा शब्द मी वीस वर्षं ऐकतेय, त्या दिवशी पहिल्यांदा कानाला टोचला. कुणाला फितूर झाली होती ती? तो सुटला, पण ते चौदा महिने काही परत मिळाले नाहीत.

एवढं वाचून तू म्हणशील, मग संमतीचं वय सोळा का करत नाहीत? १९४० पासून २०१२ पर्यंत ते सोळाच होतं. त्याआधीची उतरंड वाचताना अंगावर काटा येतो. १८६० च्या दंडसंहितेत दहा, १८९१ ला बारा, आणि त्या बारालाही टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून. त्याच्या चारच वर्षं आधी, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना मुंबईच्या हायकोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं होतं. त्या तुरुंगाला तयार झाल्या. म्हणून हा आकडा वर चढत गेला त्याला मी कधी नावं ठेवत नाही.

आणि मी दुसरं प्रकरणही पाहिलंय. मुलगी सोळाची, शेजारचा माणूस अडतीसचा, त्याने तिला मोबाईल घेऊन दिलेला. तीही पिंजऱ्यात म्हणाली, "माझ्या मनानं." तेच शब्द. वय सोळा असतं तर तो हसत घरी गेला असता. म्हणून सरसकट सोळा मला नको. जवळच्या वयाच्या पोरांना सवलत द्या, दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर पोलीस मधे आणू नका, एवढंच माझं म्हणणं. २०२३ मध्ये विधी आयोगाने वय अठराच ठेवा, सोळा ते अठराच्या प्रकरणात शिक्षा कमी करायची मुभा न्यायाधीशाला द्या, असं सुचवलं. पण शिक्षेपर्यंत पोचायच्या आधीच पोरगा वर्षभर आत असतो, त्याचं काय? २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालच्या एका खटल्यात गुन्हा कायम ठेवूनही शिक्षा दिली नाही, कारण त्या मुलीची खरी फरफट घटनेने नाही, नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या चक्राने केली होती. कोर्टाला हे दिसायला इतकी वर्षं लागली.

आता तुझं. "पोलिसांकडून जरा दम देववते" असं म्हणालीस ना, ते डोक्यातून काढ. पॉक्सोची फिर्याद एकदा नोंदली की आपसात मिटवली म्हणून मिटत नाही, ती रद्द करून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. त्याचा फोन हिसकावू नकोस, पण फोटोंबद्दल स्पष्ट बोल. तसले फोटो मागायचे नाहीत, पाठवायचे नाहीत, आले तर ठेवायचे नाहीत, पुढे ढकलायचे तर नाहीतच. त्याला वेगळे गुन्हे लागतात. आणि हेही लपवत नाही, खरंच काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, आईवरसुद्धा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे अंदाजावर बोलू नकोस आणि डोळ्यावर कातडंही ओढू नकोस.

एक मात्र विचार त्याला, तिची मर्जी आहे का? की हाच मागे लागलाय? तू मुलाची आई म्हणून फक्त त्याला वाचवायचं बघतेयस, ते मला फोनवरच जाणवलं. रागावू नकोस. जमलं तर तिच्या आईला एकदा भेट, बापाच्या आधी.

चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने ये, सुमितलाही आण. मी त्याच्याशी बोलेन, तू तोवर स्वयंपाकघरात बस आणि मधे बोलू नकोस.

आणि येताना तुझ्या आईला विचारून ये, तुझा खरा वाढदिवस कधी? माझी आई सांगते मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. दाखल्यावर मात्र आपण दोघी जुळ्या.

तुझी,
लता